राबाची माती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिनं ते होताना डोळ्यांनी पाहिलं. देवापुढे बोललो नाही, कारण देवापुढे मी मागायला जातो, सांगायला जात नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर तुमचा माझ्यावर राग असणारच — कधीतरी भावात मी तुम्हाला रडवलं असेल. असू दे. राग धरूनच वाचा. गोड बोलणारी माणसं मला तशीही सोसत नाहीत.

मी माती विकतो. हसू नका. मुरूम, डबर, खडी, भराव — जमिनीत फुकट पडलेलं असतं असं तुम्हाला वाटतं ना, ते. भूगावात, बावधनात ज्या इमारतींच्या बाराव्या मजल्यावर बसून तुम्ही डोंगर बघत चहा पिता, त्यातल्या कितीतरी इमारतींच्या पायाखाली माझा मुरूम आहे. भाड्याच्या एका ट्रॅक्टरवर सुरुवात केली, आता स्वतःचे डंपर आहेत. भूगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला दुमजली घर आहे, वर भाड्याच्या खोल्या आहेत. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. आणि माझ्या तोंडून कधी कुणी "ठीक आहे, तुमच्या भावात" हे शब्द ऐकलेले नाहीत — एकदा सोडून. त्या एका वेळेबद्दलच सांगायचंय.

पण आधी हे ऐका. मी शाळेत असताना आमचा डोंगर गेला. दलाल आला, पांढरे बूट घालून. बापाशी ओट्यावर बसून बोलला. बाप भाव वाढवून मागत होता आणि तो हसत होता — "पाटील, खडक तर आहे. कुसळ उगवत नाही त्याच्यावर." बापानं मान खाली घातली आणि अंगठा उठवला. पुढे त्याच खडकावर रस्ते झाले, बंगले झाले, आणि बंगल्यात काम करायला आमच्याच वाडीतल्या बायका जाऊ लागल्या. खडक तर आहे! ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. मी धंदा केला तोच मुळी त्या वाक्याला उत्तर म्हणून. कुणीही मला "माती तर आहे" म्हणायचं नाही. म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच. माझं डोकं कुठून फिरतं ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

आता मृणाल.

मृणाल आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. मिरजेकडची. बावधनच्या बाजूला एक प्रयोगशाळा आहे, तिथं नोकरीला. पहिल्या दिवशी खोली बघायला आली तेव्हा तिनं भिंतीतली ओल दाखवली, गळका नळ दाखवला, पलीकडच्या गल्लीत काय भाडं आहे ते सांगितलं, आणि मी बोलायच्या आत म्हणाली, "काका, तुम्ही आता कमी करणार नाही म्हणून उठून जाणार. मग मी दारापर्यंत जाणार. मग काकू मला परत बोलावणार. ते सगळं झालंय असं धरू या का?" मंदा — माझी बायको — पदर तोंडाला लावून हसली. मी भाडं कमी केलं. मला भावात गाठणारी बाई तोवर मी एकच पाहिली होती, माझी आई.

ही पोरगी काय करायची? मंगळावर जाणाऱ्या यानातली एक पेटी बनवायची. तिच्याबरोबर दहा-बारा जण होते, पण पेटीच्या पोटातलं काम तिचं. परदेशातलं यान, त्यात आपल्या इथल्या या एका पेटीला जागा मिळाली होती. यान मंगळावर उतरणार, यानाचा हात तिथली माती खरवडणार आणि चिमूटभर या पेटीत टाकणार. पेटीत बारक्या बारक्या भट्ट्या. एक भट्टी केवढी? आगकाडीएवढी जाड आणि नखाएवढी उंच. माती आत पडली की तोंड बंद. मग तापवायची — हळूहळू, लाल होईपर्यंत. माती तापली की तिच्यात अडकलेलं एकेक बाहेर पडतं. आधी पाण्याची वाफ, मग बाकीचे वायू. कुठला वायू किती तापल्यावर सुटला, ते पुढच्या नळ्यांतून जाऊन एक यंत्र ओळखतं. त्यावरून त्या मातीत कधी पाणी होतं का, कधी काही जगलं होतं का, ते कळतं. एक भट्टी एकदाच. दुसऱ्यांदा वापरायची नाही.

मी म्हणालो, "म्हणजे मातीचा वास घ्यायला मंगळावर जायचं?"

"तेच," ती म्हणाली.

"मग माझ्या आईला पाठवा. ती इथनंच सांगंल."

फार हसली. ओट्यावर बसून मंदाच्या हातचा चहा पीत असं चालायचं आमचं. मला ते सगळं कळायचं, हेही लिहून ठेवतो. पुढे मी काय केलं ते वाचून तुम्ही म्हणाल — बिचारा, त्याला काय कळणार यंत्रातलं? कळत होतं. नीट कळत होतं.

त्या उन्हाळ्यात तिनं आमचा राब पाहिला. शहरातल्या माणसांसाठी सांगतो — आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. रोपाच्या तुकड्यावर शेण, झाडाच्या छाटलेल्या फांद्या, पातेरा, गवत असं थरावर थर घालायचं, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवून द्यायचं. सावकाश धुमसतं. खालचं तण, किडे मरतात, माती भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं. घरामागचा आमचा तुकडा असा पिढ्यानपिढ्या भाजला गेलाय. मृणाल धुरात उभी राहून ओरडली, "काका, तुम्हीपण माती भाजता!" मग वाकून तिनं बोटांनी ती माती चोळली, हुंगली आणि म्हणाली — हे नीट ऐका — "ही माती माझ्या पेटीत पडली ना, तर पेटीला वेड लागेल. वर्षानुवर्षांचा धूर मुरलाय हिच्यात. नुसतं बघून कळणारही नाही. तापवली की सगळं बाहेर येईल."

तिनं ते मला सहज सांगितलं. मी ते ठेवून दिलं. असं काही ठेवून देण्यात मी हुशार आहे.

पुढच्या हिवाळ्यात पेटीची शेवटची परीक्षा होती, यान बनवणाऱ्या परदेशी पाहुण्यांसमोर. त्यासाठी त्यांना माती हवी होती, मंगळावरच्या मातीसारखी — आमच्या काळ्या खडकाचा मुरूम तिला जवळचा, असं ते म्हणायचे — पण कोरी. जिच्यात कधी काही उगवलं नाही, जळलं नाही, मुरलं नाही अशी. कोरी माती तापवायची, आणि पेटीनं सांगायचं की यात काही नाही. पेटी स्वतः आतून स्वच्छ आहे हे दाखवायचा तो मार्ग. तिनं मला विचारलं. मी तिला धरणाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं एका कड्याखाली दरड कोसळून डोंगराचं पोट उघडं पडलं होतं. वाट नाही. ती दोनदा घसरली, गुडघा सोलवटला, तरी पुढेच. मी म्हणालो, "हितं माणूस सोडा, शेळीपण येत न्हाई." तिनं भिंतीला हात लावला. "हीच," म्हणाली. "काका, इथलीच आणा. वरचं सगळं खरवडून आतली. हाताला, फावड्याला तेल नको. काम करताना तंबाखू नको."

"तंबाखू नको म्हटलं तर माणसं मंगळाचं भाडं मागतील," मी म्हणालो.

भाव ठरवायला मला प्रयोगशाळेत बोलावलं. तिचे वरिष्ठ होते तिथं. त्यांना सगळे 'सर' म्हणत, मी 'साहेब' म्हणालो. थंडगार खोली, लांब टेबल, पाच-सहा माणसं, मृणाल एका कडेला. मी माझा भाव सांगितला. जास्त होता? होता. मी जास्तच सांगतो. समोरच्यानं खाली ओढायचं, मी वर ओढायचं, मध्ये कुठंतरी दोघांनी दमून बसायचं — याला व्यवहार म्हणतात. त्यात एकमेकांचा मान असतो. साहेबांनी माझ्याशी घासाघीस केली नाही. चष्मा काढला, पुसला आणि टेबलावरच्या लोकांकडे बघून — माझ्याकडे नाही — म्हणाले, "अहो, माती तर आहे. सोनं मागतोय का आपण? यांच्याकडे ती डोंगरावर फुकट पडलीय." लोक हसले. मग त्यांनी एक आकडा सांगितला. वाटेल तेवढा खाली.

मृणाल हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आता उठून जाणार, मग दारापर्यंत जाणार, असं तिला वाटलं असणार.

मी म्हणालो, "ठीक आहे, तुमच्या भावात."

मला पुरतं ओळखणारं एखादं माणूस त्या खोलीत असतं तर तिथंच घाबरलं असतं. मी भांडतो तोवर माझ्यापासून कुणाला धोका नसतो.

ठरलेल्या दिवशी मृणाल खोदायला माझ्याबरोबर येणार होती. तिला सुट्टी दिली नाही. मला फोनवर म्हणाली, "जाऊ दे, तुम्ही आहात ना तिथं." — हे वाक्य मी पुन्हा लिहीत नाही.

मी कड्यावर गेलो नाही. माझ्या खाणीवरचा साधा मुरूम घरी आणला आणि घरामागच्या राबाच्या तुकड्यात कुदळ घातली. वरचा काळा थर बाजूला केला, खालची माती घेतली. मुरमात मिसळली, चाळली, पुन्हा चाळली. रंग जुळवणं माझ्या धंद्यात असतंच. त्यांनी दिलेले झाकणाचे चकचकीत स्टीलचे डबे भरले, कडी लावली. शांतपणे करत होतो. शीळ घालत होतो, असं मंदा नंतर म्हणाली. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"अवं, राबातली माती उकरून कुटं चालवलीया?"

"गिऱ्हाइकाला."

"कंच्या गिऱ्हाइकाला?" तिनं डबे ओळखले. मृणालनंच आणून ठेवले होते ते, ओट्यावर. "पोरीच्या कामाचं हायेत ना ह्ये डबं?"

मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारचं कुत्रं उठून गेलं. काय ओरडलो? की माझ्या धंद्यात नाक खुपसायचं नाही. की तो चष्मेवाला मला फुकट्या समजतो, तर आता बघू दे त्याला, मातीत काय असतं ते. माती तर आहे ना? मग घ्या माती! मंदानं चाळणी उचलली, धुतली आणि आत नेऊन ठेवली. तेव्हापासून ती चाळणी तिनं वापरात घेतलेली नाही.

मला साहेबाला लाजवायचं होतं. परदेशी पाहुण्यांपुढे त्याची पेटी खोटी पडावी, त्याचं तोंड उतरावं. बस्स. मृणालचं काय होईल हा विचार मनात आला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. आला होता विचार. डब्याची कडी लावताना आला. आणि मला वाटलं — ती नाही का बसली होती त्या खोलीत? का नाही बोलली माझ्या बाजूनं? अशा दीडदमडीच्या रागानं मी ती कडी दाबली.

परीक्षा झाली. पेटीतल्या काही भट्ट्यांत माझी माती भरली, तापवली. पेटीला वेड लागलं. तिनं सांगितलं होतं तसंच. जिथं काहीच निघायला नको तिथं धुराचे, जळक्या पाल्यापाचोळ्याचे वायू निघाले. मृणाल संध्याकाळी घरी आली ती जिना चढलीच नाही, पायरीवर बसून राहिली. मंदानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "काहीतरी घाण आहे, काकू. माझ्या पेटीत घाण आहे."

आणि मी? मी आत जेवत होतो. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. हे मला सांगायचं होतं. बाकीचं एखाद्या रागीट माणसाकडून होऊ शकतं असं तुम्ही म्हणाल. पण बाहेर ती पायरीवर बसलेली, आणि आत मी दुसरी भाकरी मागून घेतोय — ते कशात बसवाल?

दोनेक दिवसांनी ती माझ्याकडे आली. डोळे लाल. दारातच उभी राहिली.

"काका, एकदाच विचारते. रागावू नका. माती त्याच जागेची होती ना? तिथं कुणी कधी काही जाळलं नव्हतं ना?"

बघा, ती दारात आली होती. 'नाही, राबाची होती' — एवढंच बोलायचं होतं. बोललो असतो तर काय झालं असतं? प्रयोगशाळेनं मला हाकललं असतं. बातमी बाहेर गेली असती की हा माल बदलतो. आमच्या धंद्यात वजनात मारणारा खपतो, भावात चढा असणारा खपतो, पण माल बदलणाऱ्याला कुणी फाटकात उभं करत नाही. बिल्डर पाया भरतात माझ्या शब्दावर. तो शब्द गेला असता.

म्हणून मी ओरडलो. "माझ्यावर आळ घेतीस? माझ्याच घरात राहून? तुझी पेटी नासकी, म्हणून माझी माती नासकी? तुझ्या त्या साहेबानं शिकवून पाठवलंय व्हय?" आणखी पुष्कळ बोललो. तिच्या आईबापावर गेलो. ती लहान पोरीसारखी ऐकत राहिली, आणि शेवटी —

शेवटी तिनं माझी माफी मागितली. वाकून. "चुकलं काका. मी असं विचारायला नको होतं."

मी ती माफी घेतली. ठेवून दिली. म्हटलं ना, ठेवून देण्यात मी हुशार आहे.

इथं मी थांबलो असतो तरी कदाचित काही सुधारलं असतं. पण मी हुशार ना! साहेबांनी ताजी, न उघडलेली माती मागवली, त्याच जागेची, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत तिची वेगळी तपासणी करता येईल. जुनी उघडली गेली, हवा लागली, तिचा काही भरवसा नाही, म्हणाले. या वेळी मी स्वतः कड्यावर गेलो. पहार घेऊन, एकटा. हात धुऊन, तंबाखू न खाता. तिनं हात लावलेल्या त्याच भिंतीच्या आतून मी माती काढली. इतकी शुद्ध माती मी आयुष्यात कुणाला दिलेली नाही.

ती दुसऱ्या शहरात गेली. कोरी निघाली. तीच पेटीतही घातली, उरलेल्या भट्ट्यांत — आणि पेटीनं पुन्हा धूर दाखवला. का? पहिल्या वेळच्या धुरानं आतल्या नळ्या काजळल्या होत्या. आता काहीही घातलं तरी त्यात तोच वास मिसळत होता. दोन्ही माती एकाच जागेची, असंच सगळे धरून होते. म्हणजे काय ठरलं? माती चांगली. पेटी घाणेरडी. पेटी आतून कुणी जोडली, कुणी पुसली, कुणी बंद केली? मृणालनं.

पहिल्या मातीनं तिच्यावर संशय आला होता. दुसऱ्या मातीनं, त्या शुद्ध, इमानदार मातीनं, तो शाबित झाला. खोट्या मालानं केलं नाही एवढं नुकसान मी खऱ्या मालानं केलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "हातमोजे घालून केलंत का हो हे काम, की जेवल्या हातानं?" तिनं ते मंदाला सांगितलं, मी आतल्या खोलीत ऐकलं. पेटी उघडून, धुऊन, तापवून पुन्हा जोडायला वेळ उरला नव्हता. यान कुणासाठी थांबत नाही. पेटी वगळली. पण तिच्या जागी काही नको का? वजन बिघडतं. म्हणून तेवढ्याच वजनाचा धातूचा एक ठोकळा बसवला. यान गेलं ते तो ठोकळा घेऊन. "काकू, आमचा ठोकळा चाललाय मंगळावर," ती म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही.

आणि साहेब? ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं? त्याला ओरखडासुद्धा आला नाही. दोष मृणालचा निघाल्यामुळे तो सुटलाच. पुढे वर गेला, सत्कार झाले. एकदा चांदणी चौकात त्याची गाडी माझ्या डंपरशेजारी उभी राहिली. काच बंद होती. त्यानं मला ओळखलं नाही. माती तर होती माझी — तो कशाला लक्षात ठेवील?

मृणालनं नोकरी सोडली. सोडायला लावली म्हणा. खोली सोडताना ती मला भेटायला खाली आली. अनामत परत देताना मी भिंतीचे खिळे मोजले नाहीत. ते तिच्या लक्षात आलं. "काका, आज घासाघीस नाही?" म्हणाली. मग पर्समधून एक छोटी काचेची नळी काढली, बूच लावलेली. आत एक भट्टी होती. त्या पेटीतलीच, पहिल्या परीक्षेची. तिची तापायची तार जुळली नव्हती, म्हणून ती माती भरून, तोंड बंद करून तशीच राहून गेली होती. भंगारात जाणार होती, तिनं मागून घेतली. "तुमची माती आहे हिच्यात. आठवण म्हणून ठेवा. तुम्ही किती कष्टानं आणली होतीत."

कळलं का तुम्हाला, ते काय होतं? पहिल्या डब्यातली माती. राबाची. बंद तोंडाची, हवा न लागलेली, न तापवलेली. जगात ती तेवढीच उरली होती. ती कुणी तापवली असती तर पहिल्याच फटक्यात कळलं असतं की घाण मातीत होती, पेटीत नाही. तिचं नाव धुतलं गेलं असतं. आणि ती तिनं आपल्या हातानं माझ्या हातात दिली.

मी म्हणालो, "ठेवतो जपून."

जपून ठेवली. माझ्या कपाटात, बापाच्या चांदीच्या करगोट्याशेजारी. मंदाला माहीत आहे. दिवाळीत कपाट आवरताना ती नळी उचलते, खालची धूळ पुसते, परत ठेवते. एकदाच बोलली. म्हणाली, "धाडा की तिला." मी म्हणालो, "तू गप." ती गप्प राहिली, अजून राहते. मृणाल दर दिवाळीत तिला फोन करते. मिरजेकडे एका कारखान्यात असते आता. स्वयंपाकघरात गॅस गळला तर शिट्टी वाजवणारी यंत्रं बनवतात तिथं. काम बरं आहे, म्हणते.

राबाचा तुकडा मी गेल्या वर्षी विकला. कुणी घासाघीस केली नाही, आता या बाजूला भाव पाडून मिळत नाही. तिथं पाया खणताना काळा थर निघाला. बिल्डरच्या माणसानं मला विचारलं, "शेट, हितं काय जळलं होतं का?" मी म्हणालो, "माहीत न्हाई."

हे सगळं इथं संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. जुनं पाप, जुना माणूस, झालं. पण गेल्या महिन्यात मृणालचा फोन आला. मंदाला नाही — मला.

आवाज तोच. पहिल्यासारखी भरभरून बोलत होती. कुठं तरी नवी पेटी बनतेय, तिच्या एका जुन्या मित्रानं तिचं नाव सुचवलंय. पण नाव घेतलं की लोक विचारतात — त्या घाण पेटीवालीच ना? तिला इतक्या वर्षांनी एक सुचलं होतं. "काका, तुम्हाला दिलेली ती भट्टी आहे का हो अजून? तीत पहिल्या डब्यातली माती आहे. ती एकदा तापवून बघायचीय. तुमच्यावर संशय नाही, खरंच नाही. कदाचित डब्यातच काही असेल, झाकणात, कशात तरी. मला फक्त एकदा बघायचंय. रागावू नका."

रागावू नका. अजूनही.

मी कपाटाजवळच उभा होतो. दार उघडं होतं. नळी दिसत होती. मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "अगं, ती होय? घराचं काम काढलं तेव्हा हरवली बघ. लई शोधली."

ती म्हणाली, "असू दे काका. एवढीशी वस्तू, हरवणारच." आणि माझी तब्येत विचारली.

मंदा आत गेली. त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते, पण समोर बसत नाही.

नळी आत्ता माझ्यासमोर आहे. लिहिताना काढून ठेवलीय टेबलावर. तिच्यातली माती दिसत नाही, भट्टीचं तोंड बंद आहे. तुम्हाला आता कळलंय तिच्यात काय आहे. मंदाला आधीपासून ठाऊक आहे. मृणालला अजून माहीत नाही.